मालवणला 'एके काळचं' म्हणू नका ओ

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत मालवणवर पानभर आलंय, सुट्टीत कुठं जायचं त्या मालिकेतलं. फोटो झकास होते, रूमचे रेट, स्कुबा कुठं करायचं, सोलकढी कुठली चांगली, सगळं होतं. खरं पहिलीच ओळ वाचली आणि माझं डोकं फिरलं. "एके काळचं कोळ्यांचं गाव, आज लाडकं बीच डेस्टिनेशन." बायको म्हणाली चहा गार झाला, तेवढं काय बघताय पेपरात, म्हटलं थांब, या लोकांना पत्रच लिहितो. आठ दिवस झाले, राग उतरला, खरं पत्र लिहायचं राहिलंच होतं, म्हणून आज बसलोय. लांब झालं तर कापा, खरं मधलं कापू नका, शेवटचं कापा.

पहिलं म्हणजे कोळी नव्हेत ओ. मुंबई-रायगडकडं कोळी. मालवण-वेंगुर्ल्याकडं पिढ्यान् पिढ्या दर्यावर जाणारा समाज म्हणजे मुख्य करून गाबीत. बेळगावात बसून आपल्याला सगळे समुद्रवाले कोळीच वाटतात, तेही आपल्याला सगळ्यांना घाटी म्हणतात, फिट्टंफाट. खरं छापताना तरी बघायला पाहिजे होतं.

दुसरं ते 'एके काळचं'. त्याच्यावरच जास्त सांगायचंय.

मी बेळगावातल्या शहापूरचा. १९८९ पासून सतरा-अठरा वर्षं माझा ४०७ टेम्पो बेळगाव-मालवण लाइनवर होता. खाली जाताना आपल्याकडची भाजी, कोबी, फ्लॉवर, ढबू मिरची, बीन्स, सावंतवाडी-कुडाळला थोडी उतरवायची, बाकीची मालवणच्या बाजारात. येताना मासळी. संध्याकाळच्या लिलावाचा माल बर्फात भरायचा, रात्री आंबोलीचा घाट चढायचा, पहाटे कॅम्पातल्या फिश मार्केटात हजर. पावसात घाटात धुकं असलं की क्लीनर खाली उतरून बॅटरी घेऊन पुढं चालायचा आणि मी त्याच्या मागनं फर्स्ट गियरमध्ये. सीमेवरची शिनोळी ओलांडून बाचीला आलो की नाक्यावरचा पोलीस लांबनंच हात करायचा, जा जा म्हणून, कारण टेम्पोतनं गळणाऱ्या पाण्याचा वास. कागद कधी बघितले नाहीत त्यानं. लग्नकार्यात पंगतीला माझ्या शेजारी बसायला लोक मागंपुढं बघायचे ते वेगळंच.

तर ते मालवण मी बघितलंय. तेव्हा तिथं लॉज म्हणजे एसटी स्टँडजवळ चार, आणि टूरिस्ट म्हणजे किल्ला बघायला आलेली शाळेची सहल. सिंधुदुर्ग किल्ला, शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतला, दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे तिथं पूजा करून कामाला हात घातला म्हणतात, ४८ एकराचं बेट, समुद्रात राहून आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. मुलं ते बघून, महाराजांच्या हाताचा ठसा-पायाचा ठसा बघून, होडीतनं परत यायची आणि सहल संपली. किनारा बाकी सगळा मासेमारांचा. जाळी वाळत टाकलेली, सुकत घातलेल्या बांगड्याची तारलीची आरास, त्यावर कावळे आणि कावळ्यांवर ओरडणाऱ्या म्हाताऱ्या.

आणि रापण. रापण बघितली नाही त्याला सांगून कळायचं नाही तरी सांगतो. लांबच लांब जाळं होडीत घालून समुद्रात अर्धगोल फिरवत सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि मग एका बाजूला वीस-पंचवीस एका बाजूला वीस-पंचवीस माणसं दोर कमरेला लावून उलटं चालत मागं मागं ओढायची. तासन् तास. तांडेल, म्हणजे त्यांचा म्होरक्या, मधेच पाण्यात उभा राहून शिव्या घालणार, ही बाजू ढिली पडली ती बाजू पुढं गेली म्हणून. जाळं जवळ आलं की पाणी चांदीसारखं उसळतं, आणि मग वाटे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. यात मला सगळ्यात काय आवडायचं तर, वाटेनं जाणारा कोण उगीच दोराला हात लावला तरी त्याला चार मासे मिळायचेच. मी पण ओढलाय दोर, टेम्पो भरायला वेळ असला की. हाताला फोड आले आणि पाटीभर सौंदाळे मिळाले, घरी नेले तर बायको म्हणाली एवढे काटे कोण काढणार, जाऊ दे.

पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९९७ ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, ९८ ला कोकण रेल्वे पुरी सुरू झाली, तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे पर्यटन महामंडळाचं रिसॉर्ट झालं, मग घराघरात न्याहरी निवास, मग स्कुबा, पॅरासेलिंग, बनाना बोट, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं ते त्सुनामी आयलंड, २०२१ ला चिपीला विमानतळ. माझ्या वळखीचे एक तांडेल आहेत दांडीकडचे, नाव घालत नाही, त्यांनी पहिल्यांदा दोन खोल्या काढल्या, मग पाच, आता वर मजला आणि एसी. धाकटा पोरगा स्कुबावाल्यांबरोबर असतो, लोकांना पाण्यात हात धरून खाली नेतो आणि मासे दाखवतो. बापानं मासे धरले, पोरगा मासे दाखवतो, मी चेष्टेनं म्हटलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "दर्यात जावन रिकाम्या हातान इलंय तर डिझेल अंगार पडता, पावणो इलो तर निदान चार पैसे गावतत." यात चूक काय काढणार मी? माझाच पोरगा आज ट्रॅव्हलर चालवतो, दर शनिवारी बेळगावातनं पंधरा-सतरा जणं घेऊन मालवणला जातो. मी मासळी वर आणायचो, तो गिऱ्हाईक खाली नेतो. टूरिस्टच्या पैशावर आमचं पण घर चाललंय, त्यामुळं मी काय टुरिझमच्या नावानं बोटं मोडायला बसलो नाही.

खरं मासेमारी संपली आणि टुरिझम आलं असं झालं नाही ओ, ते तुम्ही लिहिलंय तसं नाही. मासेमारीला वेगळंच दुखणं लागलंय. रापणीला मासा किनाऱ्याजवळ यायला पाहिजे. बाहेर पर्ससीनवाले मोठ्या जाळ्यानं थवाच्या थवा उचलतात, एलईडीवाले रात्री समुद्रात लाइट पाडून मासा गोळा करतात. पर्ससीनवर महाराष्ट्र सरकारनं २०१६ ला निर्बंध घातले, एलईडीला केंद्रानं २०१७ ला बंदी केली, खरं कागदावरची बंदी आणि समुद्रातला लाइट, दोन्ही चालू. किनाऱ्यावरनं रात्री क्षितिजाकडं बघा, गाव वसल्यासारखं दिसतं कधी कधी. आमच्या पोराच्या गाडीतली माणसं त्याचा फोटो काढतात, किती सुंदर म्हणून. त्या सुंदर लाइटवरनं मालवणात किती भांडणं, किती आंदोलनं झालीत ते त्यांना कोण सांगणार, तुमच्या पुरवणीत तर एक ओळ नाही.

आणि त्यात भर म्हणजे जागा. रापणीला मोकळा किनारा लागतो, दोन्ही दोर ओढायला. आता तिथं जेटस्की, बोटी नांगरलेल्या, खुर्च्या, छत्र्या. सुकवायला वाळू लागते तर वास येतो म्हणून पाव्हण्यांची तक्रार. मासळीच्या गावात जाऊन मासळीचा वास येतो म्हणणाऱ्याला काय म्हणायचं? (मला लग्नात म्हणत होते तेच लोक असणार.) १९८७ ला मालवणचा २९ चौरस किलोमीटरचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला तेव्हा तिथल्या मासेमारांनी विरोध केला होता, पोटावर पाय येईल म्हणून. त्याच पाण्यात आज दिवसभर टूरिस्टच्या डुबक्या चालतात.

आता जेवणाचं. आपल्या लोकांना मालवणला गेलं की सुरमई थाळी नाहीतर पापलेट थाळी, तिसरं काय नको. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, अंडी घालायचा काळ, आणि त्याच दिवसात 'मान्सून पॅकेज' म्हणून आपली मंडळी जाऊन ताजी सुरमई मागतात. हॉटेलवाला पण नाही म्हणत नाही, कशाला म्हणेल. मी जन्मभर मासळी वाहिलेला माणूस आहे, हॉटेलच्या मागच्या दाराला थर्माकोलची खोकी बघितली की कळतंय माल कुठल्या गावचा आणि किती दिवसाचा. एकदा तर हसूच आलं, मी मासळी मालवणातनं बाहेर न्यायचो, आता बाहेरची मासळी टेम्पोत बसून मालवणला येते, बेळगावच्या पाव्हण्याला खायला. त्यापेक्षा सीझनला तारली मागा, बांगडा मागा, मुडदोशी मागा, तिरफळ घालून केलेलं बांगड्याचं तिकलं मागा. काटे असतात, असू देत, बायको नाही म्हणाली तर मी काय करू.

आता जे सांगायचंय ते जरा जड आहे. एप्रिल २०१७ मध्ये आपल्या बेळगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या सहलीतले आठ जण मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बुडाले. बेळगावात त्या दिवशी कुणाच्या घरी चूल नीट पेटली नाही, तुम्हाला आठवत असेल, तुमच्याच पेपरात आलं होतं. मी ते मधे आणायला नको होतं असं कोण म्हणेल, खरं मला ते विसरता येत नाही, कारण तो किनारा मी वीस वर्षं बघितलेला. वरनं बघितलं तर एकदम शांत, पोरांना वाटतं घोटाभर पाणी. सुकती म्हणजे ओहोटी लागली की पाणी बाहेर ओढतं, वाळूत खळगे पडलेले असतात, काल जिथं उथळ होतं तिथं आज खोल. हे बोर्डावर लिहून कळत नाही. हे कळतं तिथं रोज जाळं टाकणाऱ्याला. तिथली माणसं पोरांना ओरडताना मी कितीदा ऐकलंय, "हय उतरा नको रे बाबानू, पाणी वढता", आणि आपली पोरं हसून पुढं जातात, कारण त्यांना वाटतं हा लुंगीवाला कोण आम्हाला सांगणारा.

२०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोन जण गेले. मग लाइफ जॅकेट, परवाने, तपासण्या सुरू झाल्या, व्हायलाच पाहिजेत, जॅकेट घाला म्हटलं की फोटो चांगला येत नाही म्हणणारे आपल्यातच आहेत. खरं माझं म्हणणं वेगळं आहे. जाळं टाकणारा माणूस किनाऱ्यावरनं गेला की त्या पाण्याकडं चोवीस तास लक्ष असणारा डोळाच जातो. जीवरक्षक पगारी ठेवाल, तो सहा वाजता घरी जाईल. तांडेल पहाटे तीनला पण तिथंच असतो, आकाश बघत. त्याच्या पोराला सुद्धा बापाबरोबर दहा वर्षं दर्यावर गेल्याशिवाय ते येत नाही, आणि आता पोरगा जात नाही, मग पुढच्या पिढीच्या स्कुबावाल्याला पाणी कोण शिकवणार? तुम्ही ज्याला एके काळचं म्हणताय त्याच्या जिवावर तुमचं आजचं डेस्टिनेशन उभं आहे, एवढंच मला म्हणायचंय.

आणि राग एवढा का आला तेही सांगतो. आमच्या शहापूर-वडगाव-खासबागेतल्या विणकरांचं पण असंच लिहितात. मागं एकदा कुठंतरी आलं होतं, एके काळी इथं साड्या विणल्या जायच्या. मी वाचत होतो तेव्हा आमच्या मागच्या घरात माग चालूच होता, खडखड खडखड, पेपर वाचताना कानात तोच आवाज. कमी झालेत, पोरं एमआयडीसीत नाहीतर पुण्याला गेलीत, सगळं खरं, खरं चालू आहेत ना! जिवंत माणसाच्या फोटोला हार घातल्यासारखं वाटतंय ते. आम्हाला निदान टुरिझमवाले तरी येऊन घालवणार नाहीत, मागाचा आवाज ऐकायला रूम कोण बुक करणार.

मालवणचं आणि आपलं नातं काय आजचं नाही. आपण आजही हिंडलग्याकडनं जाणाऱ्या रस्त्याला वेंगुर्ला रोडच म्हणतो, कारण इंग्रजांच्या काळात बेळगावच्या कॅम्पाचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून घाट चढून वर यायचा. मुरगावपर्यंत रेल्वे झाली आणि वेंगुर्ल्याचं बंदर बसलं. बघा की, एका गावाचं नशीब असं एका रुळावर बदलतं. त्याच वेंगुर्ल्यात आता मांडवी खाडीत बायकांनी बचतगटातनं कांदळवनाची होडी-सफारी चालू केलीय, स्वतः वल्हं मारतात, खाडी दाखवतात, खाडीतलं सगळं नावानिशी सांगतात. टुरिझमच करायचं तर ते असं, खाडी त्यांचीच राहते आणि पैसा पण त्यांच्याच हातात. तुमच्या पुरवणीत त्यावर करा की एक पान.

आता आपल्या बेळगावकरांना दोन शब्द, तुमच्या पेपरातनं गेले तर ऐकतील. केए २२ नंबरच्या गाड्या वाळूत घालू नका, मागच्याच महिन्यात पोरानं दोन ओढून काढल्या, भरती चढत असताना. रापण चालली असली तर दोराच्या मधे उभं राहून सेल्फी काढू नका, दोराला हात लावा, विचारून लावा, मासे मिळतील. डॉल्फिन बघायला जाताना बोटवाल्याला अजून जवळ ने अजून जवळ ने म्हणू नका, ते बिचारे पळतात. संध्याकाळी लिलाव बघायला जा, किल्ल्यापेक्षा जास्त करमणूक आहे, फक्त बोली लावणाऱ्या बायकांच्या मधे बोलू नका, मी एकदा बोललो होतो.

आणि साहेब तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी समुद्राचं पान काढलात की रूमच्या रेटशेजारी एक छोटी चौकट घाला, त्या शनिवार-रविवारची भरती-ओहोटीची वेळ, अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आहे की नाही, आणि मासेमारी बंद आहे की चालू. पंचांगातनं भविष्य छापताच की रोज, त्याच्या निम्म्या जागेत बसेल. सीमाप्रश्नावरनं तंग झालं की दोन्हीकडच्या बसेस बंद पडतात आणि आम्ही शिनोळीपर्यंत जाऊन परत येतो, तेव्हाची बातमी तुम्ही पहिल्या पानावर घेता, तेवढ्याच तातडीनं ही चौकट पण घ्या.

आपला नेहमीचा वाचक,
एक जुना टेम्पोवाला, शहापूर, बेळगाव

ता.क. – पुरवणीतल्या मोठ्या फोटोखाली तुम्ही लिहिलंय "किनाऱ्यावर सजवून ठेवलेली पारंपरिक होडी". सजवलेली नाही ती. बाजूला दोन वाकड्या दांड्यांना बांधलेलं लाकूड दिसतंय ना, ती उलांडी, होडी उलटू नये म्हणून असते. आणि तिच्यावर जे निळं निळं दिसतंय ते जाळं आहे, वाळत घातलंय, ओलं दिसतंय फोटोत सुद्धा, म्हणजे त्या पहाटे कोणतरी जाऊन आलेला आहे.